गाणं विझेपर्यंत

आमच्या बाहेरच्या खोलीत दाराच्या मागे एक दांडकं असतं. कोरडं, तासलेलं, हातभर लांब. चोरासाठी नाही, भटक्या कुत्र्यासाठीही नाही. ते आमच्या ह्यांना मारण्यासाठी आहे. हसू नका. त्यांनीच ते आणलं, त्यांनीच तासलं, आणि लग्नाला महिना झाला नसेल तोच माझ्या हातात देऊन म्हणाले, “मी कधी विजेला चिकटलो तर हाताने ओढायचं नाही. कितीही जीव तुटला तरी मला हात लावायचा नाही. याने मारायचं, आणि जोरात मारायचं.” कुणी बायकोला अंगठी देतं, कुणी अत्तर. मला हे मिळालं. आई गं, त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

सगळी गल्ली ह्यांना ऑपरेटर म्हणते. उभा जन्म सिनेमाच्या थिएटरात मशीन चालवण्यात गेला. वर पत्र्याच्या दाराची खोली, दोन धिप्पाड मशीनं, दिवसभर कानाशी खडखडाट, आणि कोपऱ्यात कपाटाएवढा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या नळ्या हो, आतली तार लाल होते आणि आवाज मोठा होतो. ह्यांच्या आधीचे म्हातारे ऑपरेटर त्याच कपाटात हात घालून गेले. बटण बंद केलं होतं, प्लगही काढला होता बिचाऱ्यांनी. पण आत कंडेन्सर म्हणून डबे असतात, ते वीज धरून ठेवतात. प्लग काढला तरी सोडत नाहीत. हे तेव्हा त्यांच्या हाताखाली होते, दोन पावलांवर उभे होते. त्या दिवसाबद्दल मला एवढंच सांगितलंय, जास्त विचारायची माझीही कधी छाती झाली नाही.

तेव्हापासून ह्यांचे दोन नियम. पहिला, उघड्या यंत्रात एकच हात घालायचा, डावा खिशात. वीज एका हातातून दुसऱ्या हातात निघाली की वाटेत काळीज लागतं, म्हणून. ह्यांच्या सगळ्या पँटींचा डावा खिसा आधी फाटतो. मी शिवून शिवून वैतागले, पण तो फाटलेला खिसा दिसला की मनात म्हणायचे, चला, शहाणपण शाबूत आहे. दुसरा नियम त्यांचा स्वतःचा. यंत्र बंद करताना त्याला जोडलेल्या वेगळ्या टेपवरची कॅसेट बंद करायची नाही. बटण दाबलं तरी गाणं लगेच थांबत नाही, साठलेल्या विजेवर चालत राहतं, बारीक बारीक होत जातं. गाणं पुरतं विझलं की वीज उतरली. मग वीज मोजायचा मीटर लावून खात्री करायची, मग हात. पुढे पुढे मीटर खणातच राहायला लागला. “माझ्या कानाला जे कळतं ते काट्याला काय कळणार?” म्हणायचे. आणि खरंच, कान होताच तसा. थिएटरात कुठला कर्णा घसा बसल्यासारखा वाजतोय हे खाली मॅनेजरला कळायच्या आत वर ह्यांना कळायचं.

थिएटर बंद पडलं, हे घरी बसले. मला वाटलं, सुटले बाई त्या विजेच्या तावडीतून. कसलं काय! गेल्या वर्षी हे एक डबा घेऊन आले. बुटांच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा, पण उचलायला गेले तर कंबर धरली माझी. वर चार जाडजूड व्हॉल्व्ह. “अगं, घरात ऐकायचा अँप्लिफायर. एवढासा दिसतो, पण थिएटरातल्या कपाटाइतका दम आहे.” आनंदाने नुसते फुलले होते. मी म्हटलं, “म्हणजे थिएटरातल्या कपाटाइतकी वीजही आहे ना आत?” तर फडकं घेऊन टेबल पुसायला लागले.

तसाच डबा आणखी दोघांकडे आहे. एक दातवाले डॉक्टर, दुसरा कोपऱ्यावरचा बेकरीवाला. दर रविवारी दुपारी तिघं आमच्याकडे जमतात आणि मी चहा ओतते. डबा एकच, मतं तीन. डॉक्टर म्हणायचे, “आवाज काय भरदार आहे! पण तापतो फार. इतकं सगळं इतक्या लहान जागेत कोंबायचं म्हणजे जास्तीचे दात उगवल्यासारखंच झालं.” बेकरीवाल्याला तापण्याचं काहीच वाटत नसे. “माझ्या भट्टीपुढे हे लेकरू आहे हो. मला त्याचा दम आवडतो. दुकानात वाजवतो, समोरच्या बसथांब्यावर ऐकू जातं.” मग दोघं ह्यांच्याकडे बघत. शेवटचा शब्द ऑपरेटरांचा, तो ठरलेलाच. ह्यांनी बरं म्हटलं की बरं, वाईट म्हटलं की पुढच्या रविवारपर्यंत दोघांची तोंडं उतरलेली.

सहा महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी हे म्हणाले, “डबा बिघडलाय. वरचे सूर गेलेत. बाईचा आवाज येतो, पण शब्दांची धार येत नाही. गोधडीखालून गातेय जशी.”

मी स्वयंपाकघरातून बाहेर डोकावले. कारण गाणारी बाई इतकी लख्ख ऐकू येत होती की तिने मधे घेतलेला श्वाससुद्धा मला स्वयंपाकघरात कळला होता. बेकरीवाल्याने डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी कपाकडे. शेवटी डॉक्टर म्हणाले, “असेल बुवा. तुमचा कान म्हणजे काय.” झालं. दोघे मूग गिळून घरी गेले.

मला मात्र किटली आठवली. त्याच आठवड्यात चहाची किटली शिट्टी मारून मारून थकली होती आणि हे शेजारीच पेपर वाचत बसले होते. मी ओरडले, “अहो, कान फुटले का?” तर दचकून म्हणाले, “कधी वाजली?” मी गॅस बंद केला. मला वाटलं, पेपरात गुंग असतील. माणूस स्वतःला काहीही पटवतो.

ह्यांनी डब्याचे व्हॉल्व्ह बदलले. पुन्हा बदलले. डॉक्टरांचे मागून आणून लावले, बेकरीवाल्याचे लावले. दर वेळी तेच, वरचे सूर नाहीत. दर वेळी मी दांडकं घेऊन मागे उभी, आणि दर वेळी जीव टांगणीला. व्हॉल्व्ह बदलायचं काम वरच्या वर होतं, त्यात आत हात जात नाही. मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, “आता तळ उघडतो. आतला एखादा जोड सुटला असणार.”

मी कप खाली ठेवला. “मीटर लावा,” मी म्हटलं.

“पिन पोचत नाही गं. सगळं इतकं दाटीवाटीने बसवलंय, मधे बोट जाईल, मीटरची जाड पिन जाणार नाही.”

“मग राहू दे ना! बाकी दोघांना चांगला ऐकू येतोय तो!”

मी बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तोंडात मारल्यासारखं झालं. मग ते उठले, डबा टेबलावर आडवा केला, तळाचे स्क्रू काढले. कॅसेट लावली. तीच बाई, तेच संथ गाणं. व्हॉल्व्ह लाल झाले. खिडकीतून चांगलं ऊन आलं होतं, रस्त्यावर कुणाचा तरी टेम्पो चालू होत नव्हता. मी दांडकं घेऊन त्यांच्या मागे, भिंतीला टेकून.

त्यांनी बटण दाबलं, प्लग काढला. गाणं चालूच. मग लहान झालं. मग आणखी लहान. ह्यांनी मान तिरकी केली, जशी नेहमी करतात. मीही ऐकत होते. बाई अजून गात होती, लांब गेल्यासारखी, पण गात होती. शब्दन् शब्द कळत होता.

आणि ह्यांनी मान सरळ केली.

डाव्या हातात उजेडासाठी धरलेली बॅटरी खाली ठेवली. उजव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता, तो आत गेला. पण आतल्या तारा बाजूला धरायच्या होत्या, जागा नव्हती. त्या मेल्या डब्यात एका हाताने काम होतच नाही. मी बघत होते, डावा हात खिशाकडे गेला, खिशाशी क्षणभर थांबला, आणि डब्याकडे निघाला.

“अहो! थांबा! गाणं चालू आहे!”

गल्लीतल्या टेम्पोवाल्याने वर बघितलं असेल इतकी मी ओरडले. त्यांची मान हलली नाही. मनगटावरचा केसही हलला नाही. त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि इतकी भीती मी जन्मात कधी अनुभवली नव्हती. हाताने ओढायचं नाही, हाताने ओढायचं नाही, एवढंच डोक्यात. मी दांडकं उगारलं आणि त्यांच्या डाव्या हातावर घातलं. जोरात. सांगितलं होतं तसं जोरात.

हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ते मागे कोलमडले, उजव्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर निसटून आत पडला. पांढरा लखलखाट झाला, फटाका फुटावा तसा बार उडाला, जळका वास आला, आणि गाणं थांबलं.

तो बार त्यांनाही ऐकू आला. जमिनीवर बसून, मोडलेला हात मांडीवर घेऊन ते डब्याकडे बघत राहिले. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक वितळून गोळी झालं होतं. चेहरा पांढराफटक. मी रडत होते, शिव्या देत होते, सगळं एकदमच चाललं होतं माझं.

“गाणं संपलं होतं ना?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“तू हाक मारलीस?”

“मारली.”

“मोठ्याने?”

मी नुसती मान डोलावली. त्यांनी पुन्हा डब्याकडे बघितलं. मग म्हणाले, “डबा चांगला आहे म्हणजे.” आणि लहान मुलासारखे रडले. माझा नवरा रडताना मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढच्या रविवारी हात प्लास्टरमध्ये. डॉक्टर आणि बेकरीवाला आले, तेव्हा ह्यांनी सरळ सांगून टाकलं. “डब्यात काही खोट नाही. माझे कान गेलेत. यापुढे माझं मत धरू नका.” बेकरीवाल्याचे डोळे भरले. डॉक्टर म्हणाले, “मत कसलं काढून घेता? तापतो की नाही, एवढं तरी सांगा.” तेवढ्यापुरतं सगळे हसले.

डब्यातला जळका जोड बदलायचा होता. ह्यांनी ठरवलं, हात बेकरीवाल्याचा, सांगणं ह्यांचं आणि कान माझा. “तू गेलं म्हणालीस की मगच तो हात घालेल,” मला म्हणाले. आत स्क्रू-ड्रायव्हर पडूनही डबा कसाबसा वाजत होता. कॅसेट लावली, बटण बंद केलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी डोळे मिटले. बाई लांब गेली, आणखी लांब गेली. छाती इतकी धडधडत होती की तिचाच आवाज जास्त. मग काहीच उरलं नाही.

“गेलं,” मी म्हटलं.

बेकरीवाल्याने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

“काकू,” तो हळूच म्हणाला, “अजून येतंय.”

मी ऐकलं. पुन्हा ऐकलं. मला काही येत नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. ते उठले, उजव्या हाताने डब्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाले, “आज नको.”

डॉक्टरांनी मग त्यांच्या दवाखान्यातल्या दोन बारीक सळया मीटरच्या तारांना जोडून, वरून रबरी नळी चढवून आणून दिल्या. त्या कुठल्याही फटीत जातात. खणातला मीटर आता टेबलावर असतो. डबा दुरुस्त झाला, रविवारी वाजतो. बाई गाते, आम्हा दोघांना थोडं थोडं ऐकू येतं, कुणाला किती हे आम्ही एकमेकांना विचारत नाही. कधी आत काही बघायचं असलं की बेकरीवाला सळया धरतो, ह्यांचा हात खिशात, माझ्या हातात दांडकं. काटा हळूहळू खाली येतो, आणि तो पार तळाला टेकेपर्यंत आम्ही दोघं शेजारी उभं राहून त्याच्याकडे बघत असतो.