पाइपच्या दुसऱ्या टोकाला मुबिना होती

दोस्तहो, सकाळपासून जीव लागंना कशात, म्हणून लिहून राहिले.

आमच्या चाकुरात टँकर यायच्या आधीच घागरी रांगेत लावून ठेवतात. घागर म्हणजे माणूस, तिला कुणी हलवायचं न्हाई. आज वरच्या गल्लीतल्या कुणीतरी आमच्या घागरी मागं सारल्या. झालं! आमची गल्ली इकडून अन् त्यांची तिकडून टँकरचा पाइप ओढायला लागली. मीबी ओढला. समोर ओढत होती मुबिना, पहिलीपासून माझ्या बाकावर बसणारी.

पाइप टँकरपासून निखळला. ड्रायव्हरनं कॉक बंद करेपर्यंत सगळं पाणी नालीत. दोन्ही गल्ल्यांच्या घागरी कोरड्या.

संध्याकाळी मुबिना अर्धी कळशी घेऊन दारात.

"तुझ्या आईला ताप हाय ना? घे."

"अन् तुमच्या घरी?"

"हाय थोडं. धर की लवकर, सकाळपासून हात दुखून राहिला."

माझाबी दुखून राहिला होता.

आत्ता बघते तर वर्गाच्या ग्रुपवर पोरं सीमेवरच्या तणावाच्या बातमीखाली लिहून राहिलीत, 'एकदाचं युद्ध होऊनच जाऊ द्या!' यातली निम्मी सकाळी माझ्याच बाजूनं पाइप ओढत होती.

मी टाइप करते, खोडते. तुम्हीच सांगा, विचारू का त्यांना, की आज तुमच्या घरी प्यायला काय हाय?