आतली माणसं

ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका दवाखान्यात मी सव्वीस वर्षं लोकांचे कान तपासते आहे. आमच्याकडे त्यासाठी एक छोटी खोली आहे, मोठ्या कपाटाएवढी. भिंतींना, छताला, दाराला आतून जाड फोम. दार लावलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. नवरात्रात नाक्यावर एवढा गजर चालू असतो, पण आत बसलेल्याला त्याचा पत्ता नसतो. पेशंट आत बसतो, कानांवर हेडफोन लावतो, मी काचेच्या बाहेरून बारीकमोठे आवाज सोडते आणि ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. पुष्कळांना तिथे घाबरायला होतं. "मॅडम, फार शांत आहे हो इथे," असं तक्रारीच्या सुरात म्हणतात. मला कधी तसं वाटलं नव्हतं. उलट दुपारी डबा खाल्ला की मी दहा मिनिटं तिथेच डोळे मिटून बसायचे.

माझं ते बसणं ज्या आवाजाने मोडलं, तो मी पहिल्यांदा ऐकला मात्र डोंबिवलीला, आमच्या घरी. रविवारची सकाळ होती. आई सोफ्यावर पेपर पसरून मेथी निवडत होती, मी समोर चहा पीत होते. घरात आम्ही दोघीच असतो. मी लग्न केलं नाही आणि बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. पंखा बंद होता. तेवढ्यात कोणीतरी बोललं. शब्द कळले नाहीत. तोंड न उघडता कोणी लांबलचक वाक्य बोलावं आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखा सूर वर न्यावा, तसं काहीतरी. आवाज जवळून आला की लांबून, तेही कळेना. बाबांच्या खोलीकडून आला असं मला वाटलं.

आईने मान वर केली. "काय म्हणालीस?"

"मी? काही नाही."

"मग?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या खोलीच्या दाराकडे. मेथीच्या काड्या मोडत राहिली, पण आता जरा भराभर. मी दचकले म्हणून तिने विचारलं असेल, असं मी धरून चालले.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. शेवटच्या वर्षाआधी दीड वर्ष बाबांना माणसं ऐकू यायची. दुपारचे जेवून सोफ्यावर आडवे झाले की म्हणायचे, "आत माणसं आलीयत. बोलतायत." आम्ही आतली त्यांची खोली उघडून दाखवायचो, कपाट उघडून दाखवायचो. "बघा बाबा, कोणी नाही." ते बघायचे, मान हलवायचे, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच. शेवटी मीच त्यांना मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी माणसं गेली, आणि बाबांचं बोलणंही जवळजवळ गेलं. खुर्चीत बसून राहायचे, हात मांडीवर. वर्षभर तसेच बसले आणि मग गेले.

त्यामुळे त्या रविवारी माझ्या मनात भूतबीत आलं नाही. त्याहून वाईट आलं. बाबांचं जे होतं ते आपल्यात उतरलंय, असं वाटलं.

मग तो आवाज वरचेवर यायला लागला. बहुतेक दुपारी. कधी एकच माणूस कण्हल्यासारखा, कधी दोघं एकमेकांना उत्तर दिल्यासारखे. रस्त्यावर असले, माणसांत असले की नसायचा. शांत झालं की यायचा. मी स्वतःशी नोंद ठेवल्यासारखं करू लागले: बँकेत नाही, भाजी घेताना नाही, घरी हो, जिन्यात हो. शीळफाट्याला मैत्रिणीच्या गाडीत ट्रॅफिकमध्ये अडकलो, तिने इंजिन बंद केलं, आणि मागच्या रिकाम्या सीटवर कोणीतरी हळूच हुंकार दिला. मी वळून पाहिलं. मैत्रिणीने विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही, पर्स बघत होते."

आणि मग एक दिवस डबा खाऊन मी त्या फोमच्या खोलीत जाऊन बसले. दार ओढलं. नेहमीची ती दाट शांतता आली. मिनिटभरच टिकली. मग त्या बंद खोलीत, जिथे माझ्याशिवाय डासही नव्हता, कोणीतरी संथपणे बोलू लागलं. घरी ऐकला होता त्यापेक्षा कितीतरी स्पष्ट. खालच्या पट्टीत सुरू झालं, वर चढलं, थांबलं, आणि मग दुसऱ्या कोणीतरी तसंच उत्तर दिलं. मी दाराची मूठ धरून ठेवली होती, पण ती फिरवायचं भान नव्हतं. बाहेर आले तेव्हा पाठीवर कुर्ता घामाने चिकटला होता.

माझ्याबरोबर काम करणारी बाई माझ्याच वयाची आहे. वीस वर्षांची ओळख. तिला म्हटलं, "माझी टेस्ट कर ना जरा. कानात काहीतरी होतंय." तिने मला आत बसवलं, हेडफोन लावले. मी बटण दाबत गेले. झाल्यावर तिने कागद समोर ठेवला.

"कान एकदम चांगले आहेत तुझे. वयाच्या मानाने तर फारच."

"मग झालं."

"फक्त एक." तिने पेनाने कागदावर टकटक केलं. "मध्ये मी तीन वेळा आवाजच सोडला नव्हता. तू तीनही वेळा बटण दाबलंस."

मी हसले. "वय झालं," म्हणाले. ती हसली नाही.

त्या आठवड्यात मी बाबांच्या डॉक्टरांचा नंबर शोधून काढला. दोनदा फोन लावला आणि उचलायच्या आत कापला. मला त्या गोळ्या माहीत होत्या. त्या घेतल्यावर माणूस खुर्चीत कसा बसतो ते मी वर्षभर पाहिलं होतं. आणि मी तशी बसले तर आईला कोण बघणार, हा विचार एकदा आला की जेवणच जाईना. पोटही धड नव्हतं. सारखं फुगलेलं, सलवारीची नाडी दुपारपर्यंत सैल करावी लागायची, वात तर इतका की पेशंटसमोर बसणं नको व्हायचं. काहीतरी निमित्त काढून बाहेर पॅसेजमध्ये जायचे. पण मी म्हटलं, ॲसिडिटी असेल, धसका असेल. माणसाच्या डोक्याची काळजी पडलेली असताना पोटाकडे कोण बघतं?

पुढच्या मंगळवारी खडवलीहून एक आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या, हिरवं लुगडं, अंगाने किरकोळ. कानाला यंत्र बसवायचं होतं. मुलगा बाहेर बसला होता. कित्येक वर्षं त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे चेहरा कायम दुसऱ्यांच्या ओठांकडे लागलेला. मी त्यांना त्या शांत खोलीतच बसवलं. एका कानात यंत्र घालून चालू केलं, आणि दुसऱ्या बाजूचं नीट बसवायला त्यांच्या खुर्चीवरून वाकले. माझं पोट त्यांच्या यंत्र लावलेल्या कानापासून वीतभर अंतरावर असेल.

आणि तो आवाज आला. लांब, संथ, शेवटी वर जाणारा.

मी तशीच थिजले. आजीही थिजल्या. मग त्यांनी हळूच मान वळवली आणि माझ्या ओढणीकडे पाहिलं.

"बाय," त्या म्हणाल्या, "तुझे पोटान कोन बोलतंय गो?"

मी ओरडूनच विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं?"

"आयकू आला ना!" त्यांचे डोळे मोठे झाले होते. इतक्या वर्षांनी कानावर पडलेलं ते पहिलं काहीतरी. त्यांनी बोट माझ्या पोटाला लावलं. "हितं. दोन जना हायेत."

त्यांनी पुन्हा कान जवळ आणला आणि पुन्हा आवाज झाला, आणि या वेळी मी हात पोटावर ठेवला तेव्हा माझ्या तळहाताखाली काहीतरी सरकलं. आवाज जिथून जिथे गेला, तिथून तिथेच. आजी हसायला लागल्या. मी खाली फरशीवरच बसले. सुटले, असं वाटायला हवं होतं. पण पहिल्यांदा वाटली ती शिसारी. मागच्या सीटवर कोणी नव्हतं, बाबांच्या खोलीत कोणी नव्हतं. जे कोणी होतं ते मी सगळीकडे माझ्याबरोबर नेत होते.

घरी येऊन ओट्याच्या वरच्या फळीवरून पावडरचा डबा खाली काढला. महिन्यापूर्वी आमच्या डॉक्टरांनी बद्धकोष्ठासाठी फायबरची पावडर लिहून दिली होती. पांढरी, किंचित गोड, पाण्यात घातली की दिसेनाशी होणारी. त्यांनी अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करायला सांगितलेलं. मी पहिल्या दिवसापासून दोन चमचे घेत होते, लवकर गुण यावा म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले.

"अहो, ही पावडर तुम्हाला पचतच नाही," ते म्हणाले. "पचायची नाहीच ती. ती खाली आतड्यात जाते आणि तिथल्या जंतूंचं खाणं होते. ते खातात, त्यातून गॅस होतो, गॅस पाण्यातून पुढे सरकला की आवाज. तुम्ही त्यांना एकदम पंगत वाढलीत. थोडं थोडं द्या, सवय होईल."

"त्यांना की मला?"

"दोघांनाही."

मी पैसे देऊन उठले, आणि दारापाशी पोचल्यावर बाबांची औषधाची बाटली आठवली. परत वळले.

बाबांनाही बद्धकोष्ठ होतं. त्यांना एक घट्ट, गोड, पाकासारखं औषध असायचं, जेवणाआधी. मी डॉक्टरांना त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "हो, तेही तसंच. तेही न पचता खाली जातं. गॅस करतं."

बाबांना कमी ऐकू यायचं, आणि तो दोष मधल्या कानातला होता. अशा माणसाला बाहेरचं कमी ऐकू येतं, पण स्वतःच्या शरीरातलं जास्त. स्वतःचं चावणं, गिळणं, नाडी. हे मी सव्वीस वर्षं पेशंटना समजावते आहे. हाताने कान झाकायला लावते, "आता बोला, बघा कसा घुमतो आवाज." बाबा यंत्र लावायला तयार नव्हते, म्हणून त्यांच्या कानांचा विषय मी घरी सोडून दिला होता.

"म्हणजे ते जे ऐकायचे..." मी म्हटलं.

"असेल. नसेलही," डॉक्टर म्हणाले. "त्या वयात दुसरंही असू शकतं. आता कसं सांगणार?"

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. मग म्हणाली, "त्यांनी मला दाखवलं होतं."

"काय?"

"एकदा दुपारी. तू कामाला गेलेलीस. माझा हात धरला आणि पोटावर ठेवला. म्हणाले, आत म्हणजे इथे. इथे आहेत ती."

"आणि तू?"

"मी हात काढून घेतला." ती बोटं एकमेकांत गुंतवत होती. "हाताला लागत होतं गं काहीतरी. गुरगुरत होतं. मला वाटलं, आता ह्यांचं वेड माझ्यातही येतंय. म्हणून कोणाला सांगितलं नाही."

बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं. ती खोली आम्ही त्यांच्यासमोर किती वेळा उघडून दाखवली असेल, "कोणी नाही, बघा" म्हणून. आणि ते मान हलवायचे. मला नेहमी वाटायचं, त्यांना पटतंय. आता वाटतं, आम्ही भलतीकडे शोधतोय एवढंच त्यांना कळत असावं.

पावडर मी सोडली नाही. पाव चमचा घेऊ लागले, वर भरपूर पाणी. दर आठवड्याला थोडं वाढवलं. पोट खाली बसलं, पॅसेजमध्ये पळणं थांबलं. आवाज अजून येतो, पण क्वचित, आणि आता कुठून येतो ते माहीत आहे. तरी दुपारी त्या खोलीत बसायचं मी बंद केलं. माहीत असणं आणि एकटीने ऐकत बसणं यात फरक आहे.

दवाखान्यातल्या फॉर्मवर मी हाताने एक ओळ वाढवली: पोटासाठी काही घेता का? सहकारी बाई हसली, पण तिच्या पेशंटनाही विचारू लागली.

गेल्या महिन्यात एक सून सासऱ्यांना घेऊन आली. "ह्यांना आवाज येतात," ती कुजबुजली. मी आशेने फॉर्म पुढे ओढला. पोटासाठी काही नाही. पावडर नाही, औषध नाही, साधा इसबगोलही नाही. पोटाला हात लावून पाहिला, शांत. त्यांना त्यांचा भाऊ ऐकू यायचा, पंधरा वर्षांपूर्वी वारलेला. मला त्यांना मनोविकाराच्या डॉक्टरांकडे पाठवावंच लागणार होतं, आणि चिठ्ठी मी लिहायलाही घेतली. मग पेन खाली ठेवलं. त्या दीड वर्षात बाबांना आम्ही हजार वेळा सांगितलं की कोणी नाही. ती माणसं काय बोलतात, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"काय म्हणतो भाऊ?" मी विचारलं.

सासऱ्यांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खुर्ची जरा पुढे ओढली.

"म्हणतो, गुरं अजून रानात आहेत," ते म्हणाले. "आणि अंधार पडायला आलाय."