गोणीतलं गप्प पिल्लू

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांत, कमळाकर मेकॅनिकचा कान प्रसिद्ध. बिघडलेल्या मशीनला तो आधी हात लावत नसे. डोळे मिटून ऐकत असे. खडखड करते ती आजारी, गप्प चालते ती ठणठणीत. तीस वर्षांत हा नियम चुकला नव्हता. एकदा त्याने तो बायकोलाही लावून पाहिला होता म्हणे. पुढचं कुणी विचारत नाही.

त्यामुळे एका गाळ्यातल्या मांजरीने कात्रणांच्या गोणीत तीन पिल्लं घातली, तेव्हा तपासणीही त्यानेच केली. दोन पिल्लं आईला ढुसण्या देत कोकलत होती. तिसरं, करडं, बाजूला निवांत पडलेलं.

"हे एक नंबर," कमळाकरने निकाल दिला. "बाकी दोघांत फॉल्ट आहे."

दोन दिवस तो येणाऱ्या-जाणाऱ्याला करडं दाखवत होता. "बघा, काय शहाणं लेकरू!"

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धागे कापणारी कुंदा गोणीत वाकली. शिरगावला तिच्या घरी चार मांजरी. करडं उचललं आणि तिचा चेहराच उतरला.

"कमळाकरभाऊ, हात लावा जरा."

त्याने लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. पिल्लू फरशीसारखं गार होतं.

"पोट बघा, खपाटीला गेलंय. दूध नीट ओढलंच नाही याने. आईनेही लोटून दिलंय. ओरडतात त्यांच्यात ताकद असते हो. हे गप्प पडलंय ते..."

"मी तर याला एक नंबर..." कमळाकर पुटपुटला. तो तसाच दूध आणायला धावला.

"थांबा! गार पिल्लाला दूध पाजलंत तर आत्ताच जाईल. काय मशीन आहे, तेल घातलं की चालायला? आधी ऊब द्या. मग डॉक्टर."

कमळाकरने बटणं सोडून पिल्लू छातीशी धरलं. सुट्टी संपली. कारागीर मशीनवर बसले, तसा तो किंचाळला, "चालू करू नका! मला ऐकू येणार नाही!"

बारा मशीनी गप्प. कमळाकर डोळे मिटून बसलेला, कपाळावर घाम.

बऱ्याच वेळाने शर्टाच्या आतून गंजक्या बिजागरीसारखी बारीक किरकिर आली.

"ओरडलं! कुंदाताई, ओरडलं!"

रिक्षाने दवाखाना गाठेपर्यंत तो बटणं लावायचंही विसरला होता. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास आहे याला?"

"आवाज करत नव्हतं," कमळाकर म्हणाला, "आणि मी कौतुक करत होतो."