बैलांच्या शिंगांना लोकरीच्या टोप्या

महाडच्या बाजारपेठेत शरदचं चष्म्याचं दुकान आहे. शरद आतल्या खोलीत डोळे तपासतो आणि त्याची बायको अंबिका बाहेर बसून गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवते. अंबिका आता बावन्न वर्षांची आहे. काउंटरवर तिचे हात कधी रिकामे नसतात, आणि त्या हातांत काल जे होतं ते पुढच्या महिन्यात असेलच असं कुणी सांगू शकत नाही.

लग्न होऊन आली तेव्हा ती कशिदा काढायची. मग दोऱ्याच्या गाठींचे झुले आले, कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली फुलं आली, गोधडीचे टाके आले, मातीचे दिवे आले. पुस्तकं बांधायलाही ती शिकली आणि शरदच्या पावतीपुस्तकांना तिने असे देखणे पुठ्ठे घातले, की ती फाडताना त्याचा हात थांबायला लागला. शरद या सगळ्याला साथ म्हणायचा. गावात तापाची साथ येते तशी घरात कलेची येते, असं तो शेजाऱ्यांना सांगायचा आणि दर दोन-तीन महिन्यांनी जेवताना विचारायचा, "सध्या कसली साथ आहे?"

त्याची तक्रार अगदीच निराधार नव्हती. ठशांच्या छपाईची साथ आली होती तेव्हा अंबिकाने दुकानातल्या काचा पुसायच्या कापडांवर निळी फुलं छापली. कापडं फार सुरेख दिसत होती. फक्त रंग पक्का नव्हता. एका निवृत्त हेडमास्तरांनी त्यातल्या कापडाने घाम आलेल्या काचा पुसल्या आणि दोन दिवस ते घरच्यांना सांगत होते, की यंदा आभाळ किती स्वच्छ आहे.

२०२१च्या पुरात दुकान बुडालं तसं घरातलं तिचं कपाटही बुडालं. अर्ध्या शिवलेल्या, अर्ध्या विणलेल्या सगळ्या वस्तूंचा चिखलाचा एक गोळा झाला. तो बाहेर टाकताना शरदला खरंच वाईट वाटलं, आणि आता ही पुन्हा काही करणार नाही, असंही वाटलं. दिवाळीपर्यंत कपाट पुन्हा भरलं होतं.

वस्तू पूर्ण झाली पाहिजे असा अंबिकाचा हट्ट नव्हता. तिला आवडायची ती सुरुवात. पहिल्या दिवशी बोटं परक्या माणसाची असल्यासारखी वागतात, काही केल्या ऐकत नाहीत, आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी कधीतरी, आपण दुसराच काही विचार करत असताना, ती आपली आपण काम करायला लागतात. तो क्षण आला की तिला मनातून हसू फुटायचं. त्यानंतरचं सगळं तिला थोडं उष्टं वाटायचं.

गेल्या वर्षी मार्च संपता संपता दुकानात एक म्हातारे शेतकरी आले. पोलादपूरच्या पुढे कापडे गाव आहे, तिथले हैबतीकाका. सत्तरी ओलांडलेले, काटक, बोलणं मोजकं. जवळचं दिसेना झालं म्हणून त्यांना काचा बदलून हव्या होत्या. त्यांनी खिशातून चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि अंबिका बघतच राहिली. चष्म्याची डावी काडी प्लास्टिकची होती आणि उजवी बांबूची. ती कानामागे वळवलेली, घासून गुळगुळीत केलेली आणि इतकी नेटकी होती, की कारखान्यातली डावी काडीच तिच्याजवळ गबाळी दिसत होती.

"काका, ही कुणी केली?"

"मीच. मूळची बैलाच्या पायाखाली गेली."

"आणि बिजागरी?"

"सायकलच्या तारेचा तुकडा हाय."

आवाज ऐकून शरद बाहेर आला. "नवीन काडी टाकून देतो," तो म्हणाला.

"नको शेट. ही कानाला लागत नाय."

"ही काडी काढायची नाही," अंबिकाने नवऱ्याला बजावलं आणि म्हाताऱ्यांकडे वळून विचारलं, "मला शिकवाल का हो?"

"काय, काडी?"

"बांबूचं काम."

हैबतीकाकांनी तिच्या हातांकडे पाहिलं. मग जुन्या काचांतूनच तिच्या तोंडाकडे पाहिलं. "पावसाच्या आदी मी इरली करतो. बसाया येनार आसाल तर या. शिकवायचं काय त्यात, बगायचं."

शरद आत गेला. नवी साथ आली, हे त्याला कळलं होतं.

दुकान सोमवारी बंद असतं. पुढच्या सोमवारी अंबिका पोलादपूरला गाडी बदलून कापड्याला उतरली. हैबतीकाकांच्या घराची ओटी मोठी होती आणि तिच्यावर बांबूचे तुकडे पडले होते. त्यांच्या पत्नी सोनाबाई दारातच उभ्या होत्या. महाडची बाई इरलं करायला येणार, ही गोष्ट त्यांनी आठवडाभर गावात सांगितली होती आणि त्यातल्या कुणाचाच विश्वास बसला नव्हता, खुद्द त्यांचाही.

"आलीस गो बाय," त्या म्हणाल्या. "दुपारपातूर टिकलीस तर जेवाया घालीन."

इरलं म्हणजे डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत पाठ झाकणारी बांबूची ढाल. पालथ्या होडीसारखा तिचा आकार. भात लावताना माणूस वाकला तरी पाऊस पाठीवरून निथळून जातो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. बांबूच्या पातळ पट्ट्यांच्या दोन जाळ्या विणायच्या आणि मध्ये पळसाची पानं दाबून बसवायची. आता बहुतेकांनी पानांच्या जागी प्लास्टिक घातलंय, आणि त्याहून जास्त लोकांनी रेनकोट घेतलेत. हैबतीकाका अजून पानंच घालत.

पहिल्या सोमवारी अंबिकाने पट्ट्या सोलायला घेतल्या. काकांच्या कोयतीखाली बांबू सरळ सुटत जायचा. तिच्या कोयतीखाली तो वाटेल तिथे फुटायचा. दोन बोटं कापली, तिसऱ्या बोटात कुसळ गेलं. दुपारी सोनाबाईंनी तिला नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. "टिकली म्हनायची," असं त्या कुणाला तरी आत सांगत होत्या.

चौथ्या सोमवारी जाळी हाताला आली. पट्टी वर, पट्टी खाली, आणि तिसरी तिरपी. अंबिका सोनाबाईंशी माशांबद्दल बोलत होती आणि बोलता बोलता तिने खाली पाहिलं, तर बोटं स्वतःच्या मर्जीने विणत चालली होती. ती हसली. आणि नेहमीसारखं तिच्या मनात आलं, की झालं आपलं. जाळी बाजूला ठेवून ती काकांना म्हणाली, "आलं बघा. आता काकी टोपली कशी करतात तेवढं बघून जाते."

हैबतीकाकांनी वर पाहिलं नाही. "दुसरी जाळी?"

"ती अशीच ना?"

"तशीच. पन करावी लागते. अर्द्या इरल्याखाली बाई अर्दीच कोरडी राहील."

सोनाबाई पदराआड हसल्या. अंबिका खाली बसली. मेच्या अखेरीला इरलं पुरं झालं. ते डावीकडे जरा कलतं होतं आणि डोक्यावर घेतलं की ती एका बाजूला कान देऊन ऐकतेय असं वाटे. ते घेऊन ती एसटीत चढली तेव्हा कंडक्टरने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तो म्हणाला, "याला खिडकी देऊ का?"

पण ही झाली इरल्याची हकीकत. टोप्यांची त्याच ओटीवर, त्याच सोमवारांत सुरू झाली होती.

पट्ट्या भिजत घातल्या की तासभर थांबावं लागे. तेवढ्यात अंबिका पिशवीतून लोकर आणि क्रोशाची सुई काढायची. तिसऱ्या सोमवारी हैबतीकाका हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत बसले. नव्या काचांतून आता त्यांना विणीचा फंदा न फंदा दिसत होता.

"ही सुई नाय," ते शेवटी म्हणाले. "आकडी हाय."

"हो. आकडीच."

"एकाच दोऱ्याचं सगळं?"

"एकाच. आकडी घालायची, दोरा ओढून घ्यायचा, पुन्हा घालायची. ओढलं तर सगळं सुटतं, पण विणलं तर घट्ट बसतं."

त्यांनी बांबूचा एक बारीक तुकडा उचलून बाजूला ठेवला. संध्याकाळी ती निघाली तेव्हा त्यांनी तिच्या हातात बांबूची एक क्रोशाची सुई ठेवली, टोकाला बारीकशी खाच काढलेली. "ठीक हाय का?" त्यांनी विचारलं. सुई तिच्या स्टीलच्या सुईपेक्षा हलकी होती. दुसरी तशीच त्यांनी स्वतःसाठी केली होती. ती आकडी आणि लाल लोकरीचा एक गुंडा कापड्यातच राहिला.

पुढचे काही महिने म्हातारा गोठ्यात जरा जास्तच वेळ काढायला लागला. सोनाबाईंना वाटलं, बैलाला काही झालंय. एकदा त्या पेंढा घ्यायला गेल्या, तर हैबतीकाका पालथ्या पाटीवर बसून लोकर विणत होते आणि त्यांना बघून ती त्यांनी पेंढ्यात लपवली.

"मी काय बिडी वडताना पकडलं नाय," सोनाबाई म्हणाल्या. "काय इनताव ते तरी दावा."

ती एक निमुळती, लांब, शंकूसारखी पिशवी होती. माणसाच्या कुठल्याही अवयवाला बसेल अशी नव्हती. सोनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग बैलाच्या शिंगाकडे पाहिलं, आणि तिथेच पेंढ्यावर बसून पोट धरून हसल्या.

पावसाळ्यात अंबिका इरलं घेऊन घरापासून दुकानापर्यंत चालायची. हात मोकळे राहत असल्यामुळे भर पावसात तिला चालता चालता विणता येई. शरद दहा पावलं मागून छत्री घेऊन यायचा आणि ओळखीचं कुणी भेटलं की दुकानांच्या पाट्या वाचायला लागायचा. ऑगस्टमध्ये एकदा छत्री वाऱ्याने उलटली तेव्हा मात्र तो मुकाट्याने इरल्याखाली आला. दोघांना ते पुरत नव्हतं. त्याचा उजवा खांदा भिजला, पण दुकान येईपर्यंत तो इरल्याखालून हलला नाही.

दिवाळीच्या पाडव्याला हैबतीकाकांनी दोघांना बोलावलं. कापड्यात आता पॉवर टिलर आलेत, बैलजोड्या पाच-सहाच राहिल्यात. त्यांना त्या दिवशी आंघोळ घालतात, गेरूचे ठसे उमटवतात, झेंडूच्या माळा घालतात आणि ओवाळून गावातून फिरवतात. अंबिका आणि शरद सकाळी पोचले तेव्हा हैबतीकाका गोठ्याच्या दाराशी उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय झालं काका?"

"पाखऱ्यानं सरदाराची टोपी खाल्ली."

त्यांच्या बैलांची ही नावं. चारही शिंगांना लाल टोप्या चढवल्या होत्या, टोकाला पिवळे गोंडे, कडेला हिरवी नक्षी. पाखऱ्याच्या दोन्ही टोप्या शाबूत होत्या. सरदाराच्या उजव्या शिंगावरून लोकरीचे दोन-तीन धागे लोंबत होते आणि पाखऱ्या शांतपणे रवंथ करत होता. देवळातल्या आरतीला तासही उरला नव्हता. शेजारचा मंगेश कुंपणाशी येऊन, तीन टोप्यांतच न्या की काका, असं सुचवून गेला होता आणि बोलताना त्याला हसू आवरत नव्हतं.

"लोकर आहे?" अंबिकाने विचारलं.

"हाय."

"मग धरा त्याला. शिंगावरच विणते."

हैबतीकाकांनी वेसण धरली. सोनाबाई पुढ्यात हिरवा चारा घेऊन बसल्या. अंबिकाने शिंगाच्या टोकाला पहिला फंदा घातला आणि खाली उतरत विणायला सुरुवात केली. शरद आपल्या इस्त्रीच्या शर्टात दारात उभा होता.

"अहो, गुंडा धरा," ती म्हणाली. "तो खाली पडला की पाखऱ्या खाईल."

शरदने गुंडा धरला. सरदाराने मान हलवली की अंबिकाही शिंगाबरोबर हलायची, फंदा सुटायचा, ती पुन्हा उचलायची. एकदा बैलाने तिच्या मानेवर एवढा मोठा उसासा सोडला, की तिचे केस उडाले. "बायच्या प्रेमात पडला," सोनाबाई म्हणाल्या. शरद दोरा सैल सोडत होता, पुन्हा ओढून घेत होता, आणि अर्ध्या तासाने तोच म्हणाला, "कडेला हिरवं राहिलं की."

हिरवं घालायला वेळ मिळाला नाही. पण जोडी निघाली तेव्हा गावात एकच हसणं झालं. आधी पोरीबाळी हसल्या, मग म्हातारे हसले, आणि हैबतीकाका वेसण धरून नव्या नवरदेवाच्या बापासारखे ताठ चालत होते. मंगेशने चाळीस फोटो काढले. देवळापाशी पोचेपर्यंत गावातल्या दोघा शेतकऱ्यांनी हैबतीकाकांना विचारलं होतं, की आमच्या बैलांच्या शिंगांचं माप कसं घ्यायचं.

"माप घ्या नि ओटीवर या," ते म्हणाले. "शिकवायचं काय त्यात."

संध्याकाळी तीन टोप्या सहज निघाल्या. चौथी निघेना. अंबिकाने घाईत ती बुंध्याशी फार घट्ट आवळली होती आणि वरून गाठ मारली होती. ओढलं की सरदार नाराज होई. कोयतीने कापायला हैबतीकाका तयार नव्हते. राहू दे, म्हणाले. मग सरदार तीन आठवडे एका शिंगावर लाल टोपी घालून रानात जात होता आणि रस्त्याने जाणाऱ्या गाड्या थांबत होत्या.

मळणी आटोपल्यावर एका सोमवारी अंबिका आणि शरद पुन्हा कापड्याला गेले. ओटीवर तीन शेतकरी बांबूच्या आकड्या घेऊन बसले होते आणि सोनाबाई त्यांचे फंदे मोजून चुका काढत होत्या. हे सगळं त्या कधी शिकल्या, हे हैबतीकाकांनाही सांगता आलं नाही. अंबिका गोठ्यात गेली. तिने टोपीच्या बुंध्याशी गाठ शोधली, नखाने ती सोडवली आणि दोरा ओढला. फंद्यामागून फंदा सुटत गेला. सरदार पेंढा खात उभा होता. शरद दोन पावलं मागे उभा राहून सुटलेल्या लोकरीचा गुंडा करत होता, आणि तो दर वेळेला दिशा बदलून गुंडाळत होता, म्हणजे गुंडा गोल राहतो.