आईच्या माहेरची विहीर

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भूगर्भशास्त्राच्या सरांनी आम्हा दलित पोरांना हाताशी धरलं. उन्हाळाभर जीपमधून गावोगाव हिंडायचं आणि विहिरींची पाणीपातळी मोजायची. पोलादी टेपेच्या टोकाला खडू फासायचा, टेप आत सोडायची, वर ओढून खडू कुठवर भिजलाय ते वाचायचं. तोवर प्रयोगशाळेत आम्ही मागं उभं राहून बघणारे. इथं टेप माझ्या हातात! मी नुसता हवेत होतो.

उद्या तुझ्या माहेरी जातोय म्हटल्यावर आई चुलीपुढून उठून आली.

"विहिरीत नीट वाकून बघ. आमी चिंचेखाली उभं ऱ्हायचो, कुणी वरनं घागरीत ओतलं तर पाणी. आत कशी दिसती, मला कधी कळलंच न्हाय. येऊन सांग की."

सकाळी शहरातल्या सात रस्ता चौकातून जीप निघाली. गावात विहिरीवरच्या म्हाताऱ्यानं आमचं कौतुक केलं, गूळपाणी दिलं. मग पाहुणे कुठले, कुणाचे, ही चौकशी निघाली आणि माझी जीभ वळवळली. माझं आजोळ हितलंच, म्हणालो. आजोबांचं नावही सांगून टाकलं. आजोळात आल्यावर गप्प कोण बसतो हो?

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

"सर, तुमीच मोजा की. एवढ्याच विहिरीला पाणी हाय, बाया शेंदायच्या थांबतील. पोरं बसतील चिंचेखाली, सावलीला."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. सावली देत होता मेला! मी सरांकडं बघितलं. भला माणूस, पण त्यांनी टेपेसाठी हात पुढं केला. "वाद नको रे," एवढंच म्हणाले. खडू मी फासला होता, टेप त्यांनी सोडली. आकडा त्यांनी ओरडून सांगितला आणि मी चिंचेखाली तो लिहून घेतला.

घरी हातपाय धुतोय तोवर आई पुढ्यात. वाटेत मी खोटं जुळवून ठेवलं होतं, की पाणी हिरवंगार आहे, कपारीत पारवे आहेत. "लई खोल हाय, आई," एवढंच म्हणालो आणि धुतलेले पाय पुन्हा धुवायला लागलो.

तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. विहिरीचं काहीच विचारलं नाही.

"चिंच हाय का रं अजून?"

"हाय," म्हणालो आणि तिच्या पदरात तोंड खुपसून रडलो, बी.एस्सी.ला असलेला घोडा.