न दिलेली ओळ

परवा लेकीच्या स्नेहसंमेलनात मेकअपच्या खोलीतून मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास आला आणि आमच्या नाशिकच्या शाळेतले चित्रकलेचे सर आठवले. मी तिथे नवा शिक्षक होतो. सर दर रविवारी गोदाघाटावरचं निर्माल्य उचलायचे आणि तसेच तालमीला यायचे, हातांना कुजलेल्या झेंडूचा वास घेऊन. त्या वर्षी शिक्षकांच्या नाट्यस्पर्धेत आमच्या नाटकातली मुख्य भूमिका मला हवी होती. ती सरांना मिळाली आणि मला विंगेतून ओळी सांगायचं प्रॉम्प्टिंग. मिशी चिकटवताना सर म्हणाले, "तू विंगेत आहेस ना, मग मला कसली भीती!" दुसऱ्या अंकात ते अडकले. बोलता बोलता विंगेकडे सरकले, कान पुढे केला. ओळ माझ्या बोटाखाली होती. मी नुसते ओठ हलवले, आवाज काढलाच नाही. प्रेक्षकांच्या मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "सर, होमवर्क केला नाही का?" आणि सगळं नाट्यगृह हसलं. पडदा पडल्यावर सरांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू सांगत होतास रे, दिसत होतं मला. माझेच कान गेले बघ." त्यानंतर ते कधी रंगमंचावर चढले नाहीत. अजून घाटावर भेटतात. तेव्हापासून सगळे त्यांच्याशी मोठ्यानं बोलतात. मीसुद्धा.