गाळलेली ओळ

वहिनींचा फोन आला तेव्हा मी इथे कतारमध्ये, लुसैलला मीटिंगमध्ये होतो. "श्रीकांत गेले हो. चहा ठेवायला सांगून खुर्चीत बसले आणि..." एवढंच त्यांना बोलता आलं. मी "बरं, येतो" म्हणालो, आत गेलो आणि चक्क पुढची स्लाइड समजावून सांगितली. त्याला आता पाच आठवडे झाले, पण माझ्या डोक्यातला गोंधळ काही मिटत नाही.

श्रीकांत नाशिकचा. वर्ल्ड कपसाठीच्या फुटबॉल स्टेडियमच्या एसीचा इंजिनियर, अल थुमामाला आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहायचा. त्याच्या एका अमेरिकन सहकाऱ्याने मायदेशी परतताना त्याला डल्सिमर दिलं होतं. मांडीवर आडवं ठेवून छेडायचं, हातभर लांबीचं लाकडी वाद्य. त्यावर नाताळची चार जुनी गाणी याने हट्टाने त्याच्याकडून शिकून घेतली, वहीत सरगममध्ये उतरवली, तारा तंबोऱ्यासारख्या सा-प-सा लावल्या आणि मग जून असो की गणपती, हीच चार गाणी. वहिनी खंडेनवमीला त्याच्या लॅपटॉपशेजारी डल्सिमरही मांडायच्या आणि दोन्हींना हळदकुंकू वाहायच्या.

पण गडी एक ओळ वाजवायचा आणि पुढची गाळायचा. तेवढा वेळ नुसती खालची तार छेडत राहायचा, मग तिसरीवर यायचा. आम्ही इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी त्याला यावरून किती छळलं! "विसरला बघ. यल्ला, पुढे सरक," असं मीच सगळ्यांत मोठ्याने म्हणायचो. तो हसायचा. खुलासा कधी केला नाही.

शेवटचे भेटलो तेव्हा मात्र म्हणाला, "तुझा गळा बरा आहे. ती मधली ओळ तू म्हणशील का? एकदा नीट बसू." मी म्हणालो, "वर्ल्ड कप होऊन जाऊ दे. मग खलास, रोज बसू." इथे सगळेच सगळं वर्ल्ड कपनंतरवर ढकलत होते... सुट्ट्या, दाढेचं काम, गावाकडची लग्नं. "इन्शाल्ला," म्हणून त्याने वाद्य गवसणीत घातलं.

घर आवरायला इरा आली, त्याची मुलगी. दोन वर्षांपासून कॅनडात शिकते. तिला जरा हसवावं म्हणून मी तो गाळलेल्या ओळीचा किस्सा सांगितला. ती हसली नाही. "ही डिडन्ट फरगेट, काका. दॅट वॉज माय लाइन."

शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमासाठी ती घरी सराव करायची. एक ओळ बाबाने वाजवायची, एक तिने गायची. त्याचे अभंग तिच्या जिभेवर कधी बसले नाहीत, म्हणून तो तिची गाणी शिकला. पुढे नववीत तिला या सगळ्याची लाज वाटायला लागली. "आय स्टॉप्ड," ती म्हणाली. "ही डिडन्ट."

मग मला का विचारलं त्याने? ती आता गाणार नाही हे त्याने मान्य केलं होतं? की ती येईपर्यंत कुणीतरी जागा धरून ठेवावी, एवढंच हवं होतं? कळत नाही. मी 'हो' म्हणायला हवं होतं, हे तेवढं कळतं.

जाताना इराने डल्सिमर आणि वही माझ्याकडे ठेवली. पट्टीवर यंदाचं कुंकू अजून आहे, ते पुसवत नाही. वहीत दुसऱ्या ओळीचे स्वर व्यवस्थित लिहिलेत आणि शेजारी 'इरा'. काल पहिली ओळ वाजवली, दुसरीसाठी तोंड उघडलं... आणि मी खालची तारच छेडत बसलो. सामने सुरू व्हायला अजून चार दिवस आहेत.